शेवटच्या पंगतीचं वरण

काळजी करणं हा माझा जन्मजात उद्योग. बस दहाची असली की मी नवालाच फाट्यावर जाऊन उभा. घरातली माणसं हसतात, आणि मी तरीही जातो. त्यामुळे सप्ताहाच्या काल्याचं जेवण सांभाळायचं काम गावानं माझ्यावर टाकलं, तेव्हा मी त्याच रात्री हिशेब मांडत बसलो.

आमचं गाव बोरीजवळचं. काल्याचं कीर्तन संपलं की आसपासची गावंही आमच्या देवळापुढे जेवतात. ही पंगत वर्षानुवर्षं शेजारचे काका सांभाळत. त्यांनी मंडपात हाक मारली की वेशीवरचा माणूस वळून बघायचा. यंदा त्यांचा पाय प्लास्टरमध्ये. "मास्तर, आवंदा तुमी बगा," ते म्हणाले, "शाळा संभाळता, पंगत काय लय मोठी हाय का?" शाळेतली पोरं निदान मला घाबरतात, हे त्यांना कोण सांगणार.

मला खरी धास्ती एकाच गोष्टीची होती. पहाटेपासून पोळ्या लाटणाऱ्या बाया सगळ्यांत शेवटी जेवायला बसतात. त्यांत माझी आई असते. त्यांची पाळी येईपर्यंत वरणाच्या पातेल्याचा तळ दिसू लागतो. आई घरी येऊन दुधात भाकरी कुस्करते. विचारलं तर म्हणते, "पोट भरलंय रे, सवय हाय म्हनून खायलेय." यंदा कारभार माझ्या हातात होता आणि तरी तिनं भाकरी कुस्करली असती, तर मला तिच्याकडे बघवलं नसतं.

पहिल्या पंगतीला मी काकांची नक्कल केली. "वाढा, वाढा, पाव्हण्यांना कमी पडू देऊ नका" म्हणून ओरडत सुटलो. वाढप्यांना तेवढंच हवं होतं. आमच्याकडे पाहुणा पत्रावळीवर आडवा हात धरतो आणि वाढपी त्या हातावरून वाढतो, त्याला आग्रह म्हणतात. माणसं उठली तेव्हा पत्रावळींत वरणभाताचे ढीग आणि एक अख्खं पातेलं रिकामं. ओरडून माझा घसाही बसला होता.

ओरडता येईना, म्हणून प्रत्येक वाढप्याजवळ जाऊन हळूच सांगितलं, "वरणाचं वगराळं अर्धंच भर, पण दोनदा फिर." दोनदा आलेला वाढपी पाहुण्याला आग्रहच वाटतो. मग वरणाचं एक भरलेलं पातेलं देवळामागच्या खोलीत ठेवलं आणि किल्ली खिशात टाकली. एक वाढपी तणतणला, "मास्तर, गावाची अब्रू घालवायलाव का?" खरंच घालवत असेन तर, या विचारानं माझा धीर सुटत आला. पण किल्ली दिली नाही. पुढच्या पंगतींत ओळींमधून नुसता फिरत राहिलो. कुणाचं पान रिकामं होत आलंय ते मला त्याच्या आधी दिसत होतं. ज्या काळजीला घरदार हसत आलं, तिच्याच जोरावर मी माणसं हलवत होतो, आणि ती हलतही होती.

शेवटी बाया बसल्या. मी खोली उघडली आणि वरण स्वतः वाढलं. आईनं भात कालवला, चार घास खाल्ले, पुन्हा वरण मागून घेतलं आणि शेजारणीला म्हणाली, "मीठ कमी हाय वं वरनात."

इतक्या वर्षांत तिनं काल्याच्या जेवणाला कधी नाव ठेवलं नव्हतं. ठेवायला आधी ते पानात पडायला हवं होतं.

मी मीठ आणायला पळालो.