दूध चांगलं होतं

त्या इस्पितळात तिला सगळे वाटीमावशी म्हणत. दिवस पुरे व्हायच्या आत जन्मलेली बाळं जिथे काचेच्या पेटीत ठेवतात, त्या कक्षाच्या दुधाच्या खोलीत ती कामाला होती. चोखायची ताकद नसलेल्या बाळांच्या आया तिथे येऊन पंपाने दूध काढत. ते वाटीतून थेंब थेंब कसं पाजायचं, हे प्रत्येक नव्या आईला हीच शिकवी, म्हणून ते नाव पडलं. बावीस वर्षांपूर्वी फरशी पुसायला लागली होती. बढती म्हणाल तर एवढीच झाली की आता बसायला स्टूल मिळालं, असं ती स्वतःच सांगे.

खोलीत तीन खुर्च्या, मध्ये पडदे, एक फ्रिज, भिंतीशी स्टीलचं सिंक आणि कोपऱ्यात वाफेचं यंत्र. पंपाची नरसाळी, नळ्या, नखाएवढ्या झडपा साबण लावून ब्रशने घासायच्या, वाफेला लावायच्या, सुकवून झाकून ठेवायच्या आणि वहीत ‘वाफ दिली’ या रकान्यात खूण करायची, हे तिचं काम. बाटलीवरची चिठ्ठी न वाचता कोणाचं दूध कोणतं ते ती सांगे. एखादी नवखी पदराआड अवघडून बसली की म्हणे, "इथे लाजायचं असलं तर डॉक्टरांनी लाजावं. त्यांना एक थेंब येत नाही." ती पोरगी हसे, आणि हसता हसता तिला पान्हा फुटे.

तर झालं असं की वाफेचं यंत्र बंद पडलं. मावशीने लगेच मोठ्या सिस्टरांच्या कानावर घातलं. त्यांनी वर कळवलं. सुटा भाग मागवलाय, असं उत्तर आलं. तोवर गीझरचं कढत पाणी घालून ठेव, म्हणाल्या. पहिल्या आठवड्यात मावशीने तीनदा विचारलं, दुसऱ्यात एकदा. मग विचारायचं राहून गेलं. माणसाला कशाचीही सवय होते, तशी तिलाही झाली. ब्रशचे केस कधीच वाकले होते. सिंकपाशी मगात तो सदा ओलाच उभा असे. नवा सांगायचा तेही राहिलं. आणि वहीतला रकाना मोकळा दिसला तर तपासणीला विचारतील, म्हणून सिस्टर म्हणाल्या खूण करत जा. ती करत गेली. दोन महिने.

त्याच सुमारास जुळ्यांची आई आली. शिलाईच्या कारखान्यात काजं करणारी, विशीबाविशीची पोर. सातव्या महिन्यातच मोकळी झाली होती, एक मुलगा, एक मुलगी. अंगावर दूध मात्र भरपूर. मावशी तिला म्हणायची, तू एकटी अख्खा कक्ष पोसशील. पंपाशी बसली की ती पेटीतल्या दोघांच्या खोड्या सांगे. मुठीएवढ्या पोरांच्या कसल्या आल्यात खोड्या, पण सांगे.

नवव्या दिवशी मुलाचं पोट टम्म फुगलं, अंग राखेसारखं पडलं. अकराव्या दिवशी तो गेला.

लगेच पलीकडच्या पेटीतल्या बाळाला ताप भरला. ते बाळ पुढे वाचलं, पण कक्षात धावपळ उडाली. सगळ्यांची सगळी दुधं तपासायला गेली. फ्रिजमधल्या जुळ्यांच्या आईच्या बाटलीत जंतू निघाले, आणि कोणीतरी ते तिच्या सासूच्या देखत बोलून गेलं. सासूला तेवढं पुरे झालं. हिचंच दूध बाधलं माझ्या नातवाला, म्हणत ती दुपारी पावडरचा डबा घेऊन आली. सुनेने छाती कापडाने करकचून बांधून घेतली. डॉक्टर परोपरीने सांगत होते की मुलीची आतडी अजून कोवळी आहेत, डब्याचं दूध तिला झेपणार नाही. ती ऐकायलाच तयार नव्हती. "एकाला मी मारलं," ती म्हणाली. "हिला नाही मारणार."

लॅबमधून एक गृहस्थ आले. सिंकच्या जाळीतून, मगातून, ब्रशमधून, मावशीच्या नखांतून त्यांनी कापसाच्या काड्या फिरवून नेल्या. पाचव्या दिवशी ते परत आले. मोठ्या सिस्टर बाहेर होत्या, तेव्हा त्यांनी मावशीलाच सगळं उलगडून सांगितलं. आईच्या दुधात जंतू असतातच, ते बाळाच्या पोटाला हवेच असतात. मुलगा गेला त्या दिवशी डॉक्टरांनी त्या बाईचं दूध हाताने पिळून उकळलेल्या वाटीत घेतलं होतं. त्यात तेवढेच निघाले, बाकी काही नाही. मुलाच्या रक्तात जे सापडले ते ओल्या मोऱ्यांत वाढणारे. ते सिंकमध्ये होते, पंपाच्या झडपांत होते आणि ब्रशमध्ये तर नुसते खच्चून भरले होते. मावशीचे हात स्वच्छ होते, हेही त्यांनी सांगितलं. त्याचा तिला काही उपयोग झाला नाही.

जुळ्यांच्या आईला हे कोण सांगणार, असं तिने मोठ्या सिस्टरांना विचारलं. बैठक व्हायची आहे, काय सांगायचं ते वर ठरेल, तोवर तोंडातून ब्र काढू नकोस, असं त्यांनी बजावलं. घरी नवरा, तो कुठल्याशा गोदामावर पहारेकरी, जेवता जेवता म्हणाला, "सगळं तुझ्या एकटीच्या डोक्यावर फोडतील." तेही खरंच होतं. पण तिचं मन भलत्याच हिशेबात अडकलं होतं. छाती बांधून पाच दिवस झाले होते. आणखी चार-पाच दिवस गेले की दूध आटणार, मग बैठक होवो नाहीतर न होवो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती काचेबाहेरच्या बाकावर त्या पोरीशेजारी जाऊन बसली.

"तुझं दूध चांगलं होतं," ती म्हणाली. "आमचा ब्रश घाण होता. यंत्र बंद होतं, वाफ दोन महिने दिलीच नव्हती. धुणारी मी."

पोर म्हणाली, "वहीत रोज खूण करायचात. मी बघायचे."

"ती खोटी होती."

"वाफ दिली असती तर?"

मावशीच्या मनात आलं, सांगावं की काही नेम नसतो, एवढंसं तर बाळ होतं. "तर बहुतेक वाचला असता," ती म्हणाली.

पोर उठली. इतके दिवस अहो-जाहो करणारी पहिल्यांदाच एकेरीवर आली. "जा तू इथून. पुन्हा माझ्यासमोर येऊ नकोस."

मावशी उठून गेली.

त्या संध्याकाळी पोरीने छातीचं कापड सोडलं. नर्सने तिला हाताने दूध पिळायला बसवलं. तासाभरात वाटीचा तळ जेमतेम ओला झाला. आठवड्याने दोन चमचे येऊ लागले, पुढे थोडे वाढले, पण पहिल्यासारखं भरून कधीच आलं नाही. उरलेलं दुसऱ्या आयांनी दिलेलं, नीट तापवून घेतलेलं दूध. मुलगी त्यावर तगली.

बैठक झाली. वाफेच्या यंत्राचा सुटा भाग चार दिवसांत आला. मोठ्या सिस्टरांची दुसऱ्या कक्षात बदली झाली. मावशीला धुलाईघरात पाठवलं आणि चौकशी लावली. सिस्टरांनी खूण करायला सांगितल्याचा कुठे कागद नव्हता. खुणा मात्र सगळ्या तिच्या हातच्या. जुळ्यांच्या आईने लेखी तक्रार दिली, तीत पहिलं नाव मावशीचं होतं. ती वाचून दाखवली, तेव्हा यावर काही म्हणायचंय का, असं चौकशीच्या साहेबांनी विचारलं. बरोबर लिहिलंय, एवढंच ती म्हणाली आणि सांगितलं तिथे सही केली.

मुलीला घरी सोडलं त्या दिवशी मावशी चादरींच्या ढिगाऱ्यात होती. तिला ते दोन दिवसांनी, मळके कपडे टाकायला आलेल्या नर्सकडून कळलं. वजन किती भरलं ते तिने दोनदा विचारून घेतलं.

संध्याकाळी नवऱ्याला वाढताना ती म्हणाली, "पोरगी गेली घरी. सव्वादोन किलो झाली."

"आणि तुझं काय ठरलं?" त्याने विचारलं.

"अजून बोलावलं नाही," ती म्हणाली, आणि स्वतःचं ताट घेऊन त्याच्यासमोर बसली.