दोन हात कमी शीड

शिडं शिवणाऱ्याच्या लेकीनेच समुद्राचा हट्ट धरला, तर बापाने तक्रार करायची कुणाकडे? पोर त्याच्याच कारखान्यात, कापडाच्या ढिगांवर लोळत वाढलेली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून नाव पडलं भिंगरी. सतराव्या वर्षी म्हणाली, एकटी होडी घेऊन समुद्रापार जाऊन येते. आईने आठवडाभर अबोला धरला, मग स्वतःच औषधांची पेटी भरायला बसली. बापाने शीड शिवायला घेतलं.

शिवलं कसं, विचारू नका! शिवण तिहेरी, कोपऱ्यांना चामडं, दाभणाने बोटांची चाळण. पण कापड बेतताना त्याचा धीर सुटला. मोठं शीड म्हणजे वेग, आणि वेग म्हणजे वादळात होडी कलंडायची धास्ती. त्याने गुपचूप दोन हात कमी कापलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते काय खोटं? लहान शीड सावकाश चालतं, म्हणजे लेक उशिरा घरी येणार, हे या शहाण्याला ती बंदराबाहेर पडल्यावर सुचलं.

अठरावा वाढदिवस घरीच करू, असं तिने आईला कबूल केलं होतं. तो आला नि गेला, भिंगरी अजून समुद्रातच. आई तिच्या सायकलच्या चाकांत हवा भरून ठेवी आणि विचारी, एवढा का हो वेळ लागतोय? वारा पडला असेल, म्हणून तो वेळ मारून नेई. कारखान्यात मात्र हातातलं काम तसंच राही. लेकीच्या आठवणीने जीव कासावीस होई आणि स्वतःच्याच हातांचा राग येई.

रविवारी होडीवरच्या सॅटेलाइट फोनवरून तिचा आवाज आला. आईने स्पीकर लावला. खाणं, झोप, तब्येत, सगळं विचारून झालं. मग त्याला राहवेना.

"शीड मी लहान कापलं, बाळा. माझ्यामुळे उशीर होतोय."

"माहितीये, बाबा. निघायच्या आधीच मापलं होतं मी."

"मग बोलली का नाहीस?"

"मोठं मागितलं असतं तर तू दिलं असतंस. आणि मग झोपला नसतास."

लवकर ये, असं त्याला म्हणायचं होतं. "सावकाश ये," एवढंच कसंबसं म्हणाला. फोन बंद झाला. आता बायको फाडून खाणार, म्हणून तो मान खाली घालून बसला.

"दोनच हात?" ती म्हणाली. "मी असते तर चार हात कमी केलं असतं." आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू तिला एकदाचं फुटलं.