नमुना घरातला आखूड पलंग

माझ्या जावेला आमच्याकडे सगळे धाकटी म्हणतात. तिच्या केसांत आता पांढरे चमकायला लागलेत, पण नाव काही मोठं झालं नाही.

बाजारपेठेमागे उंच इमारती उभ्या राहताहेत ना, तिथे ती कामाला आहे, नमुना घरात. इमारत बांधून होण्याआधी गिऱ्हाइकाला दाखवायला एक फ्लॅट सजवून ठेवतात, त्याची देखभाल तिच्याकडे. फळं प्लास्टिकची, टीव्ही पुठ्ठ्याचा. पलंग मात्र खरा, पण खोली मोठी दिसावी म्हणून मुद्दाम आखूड करून घेतलेला. शिवाय आतल्या खोल्यांना दारंच नाहीत. दार आलं की खोली लहान दिसते म्हणे. बाजारातल्या चादरी त्या पलंगाला लोळायच्या, म्हणून धाकटीनेच त्या कापून, दुमडून शिवल्या.

येणारे बहुतेक पैसे गुंतवणारे. घरात शिरल्या शिरल्या धाकटी ओळखते, हा राहायला घेणारा की ठेवायला. "राहणारा आधी नळ सोडून बघतो, जाऊबाई. ठेवणारा स्वयंपाकघरात पाऊलच टाकत नाही. भाडं किती येईल, एवढंच विचारतो."

धाकटीचा नवरा, म्हणजे आमचे भाऊजी, रात्रपाळीची बस चालवतात. माणूस शांत, पण उंची अशी की सासूबाई त्यांना विजेचा खांब म्हणतात. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते दिवसा पडद्याआड झोपायचे. झोपायचे म्हणजे काय, डोळे मिटून पडायचे. दारावर कोणी ना कोणी, कुकरच्या शिट्ट्या, त्यात सासूबाईंचा खडा आवाज. मग एका पहाटे स्टिअरिंगवरच डुलकी लागली आणि बस दुभाजकावर चढली. देवाची कृपा, बस रिकामी होती. पण त्या दिवसापासून भाऊजी कामावर निघाले की ते परत येईपर्यंत धाकटी जागीच.

पहिली इमारत पूर्ण झाली, तशी तिने तिथे नवव्या मजल्यावर एका गुंतवणूकदाराचं घर भाड्याने घेतलं. नमुना घरासारखंच हुबेहूब. आतल्या खोलीला खिडकी नाही. नमुना घर बघायला येणाऱ्या बायका अशा खोलीला नाक मुरडायच्या, धाकटी खूश. "भरदुपारी काळोख! मला हवीच होती अशी खोली."

सामान लावायला आम्ही सगळेच गेलो. सासूबाईंनी विचारलं, "शेजारी कोण?"

"कोणी नाही."

"गावाला गेलेत?"

"अजून आलेच नाहीत, आई. लोकांनी ठेवायला घेतलीत ही घरं."

"घर म्हणजे काय सोनं आहे, कपाटात ठेवायला?"

तेवढ्यात भाऊजींचा लांब पलंग आतल्या खोलीत नेला. दार आत उघडणारं, ते पलंगाला अडून अर्ध्यावरच थांबलं. पलंग कसाही फिरवा, दार पुरतं उघडेना की मिटेना. दार मिटलं नाही, तर बाहेरच्या खोलीच्या काचेच्या भिंतीतून ऊन थेट तोंडावर. धाकटी पलंगाची लांबी वितीने मोजत म्हणाली, "आखूड चादरी मी शिवल्या, जाऊबाई. या हातांनी! आणि मलाच कसं कळलं नाही?"

मी म्हटलं, "रोज पुसलेल्या घरावर जीव जडतो गं."

दार काढून बाहेरच्या बाजूने उघडेल असं बसवलं, की झालं. पण मालकाच्या एजंटने साफ सांगितलं, "घर कोरं राहिलं पाहिजे. पुढे विकायचंय. खिळासुद्धा ठोकायचा नाही." मालक परगावी, त्याने ते घर पाहिलेलंही नव्हतं. भाऊजी अर्धवट दारामागे पडून राहायचे आणि संध्याकाळी लाल डोळ्यांनी कामाला निघायचे. धाकटी परत आमच्याकडे यायच्या गोष्टी करायला लागली. पण आमच्याकडे तरी कुठली झोप?

मग एक दिवस तो मालकच दुसऱ्या इमारतीतली घरं बघायला नमुना घरात आला. गोल, ठेंगणा, बोलायला गोड. तिथला मॅनेजर त्याच्या मागेपुढे नाचत होता. धाकटीने पाणी दिलं आणि म्हणाली, "साहेब, तुमच्या नवव्या मजल्यावरच्या घरात आम्हीच राहतो."

"हो का? कसं आहे?"

"छान आहे. फक्त झोपता येत नाही."

मॅनेजरला ठसका लागला. धाकटी म्हणाली, "या पलंगावर जरा आडवे होऊन बघा, म्हणजे कळेल."

मालकाने बूट काढले आणि आडवा झाला. डोक्यापासून टाचेपर्यंत बरोबर मावला. "मस्त आहे की!" म्हणाला. मॅनेजरच्या जिवात जीव आला. हे आम्हाला सांगताना धाकटीने कपाळाला हात लावला होता. "देवाने त्याला त्याच मापाचा केलाय, मी काय करू!"

इतक्यात भाऊजी तिचा विसरलेला डबा घेऊन दारात आले.

"अहो, जरा इथे आडवे व्हा."

"इथे? साहेबांसमोर?"

"व्हा म्हणते ना."

भाऊजी आडवे झाले. पोटऱ्यांपासून पुढचे पाय हवेत. मालक हसायला लागला, आणि हसता हसता थांबला. भाऊजींना झोप लागली होती. डबा छातीवर तसाच, आणि खोल घोरणं सुरू.

"अहो, उठा! गिऱ्हाईक येईल!" मॅनेजर कुजबुजला. मालकाने त्याला हाताने गप्प केलं. खुर्ची ओढून बसला आणि धाकटीला विचारलं, "रोज इतके दमतात?"

तिने दुभाजकाचं सांगितलं. दाराचंही सांगितलं.

त्याने त्या हवेतल्या पायांकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "दार फिरवून घ्या. एजंटला मी सांगतो." मॅनेजरकडे वळून विचारलं, "माझ्या बाकीच्या घरांतही हेच?"

मॅनेजर टाय नीट करत राहिला.

तरी मालकाने त्या दिवशी आणखी दोन घरं घेतलीच. ठेवायला. धाकटीला मॅनेजरने फैलावर घेतलं, आणि आता त्या पलंगाभोवती मखमली दोरी बांधलीय. तिची नोकरी मात्र टिकली. तशा चादरी दुसरं कोण शिवणार?

सुताराने दार फिरवलं. पुढच्या आठवड्यात मी आणि सासूबाई दुपारी तिच्याकडे गेलो. धाकटीने ओठांवर बोट ठेवून आम्हाला आत घेतलं. खोलीचं दार गच्च मिटलेलं. मी मनातल्या मनात हात जोडले. सासूबाईंनी जाऊन दाराला कान लावला, बराच वेळ लावून ठेवला. मग चवड्यांवर चालत परत आल्या. धाकटी चहाचं पातेलं काढायला वाकली, तर जन्मात आवाज खाली न आणलेल्या आमच्या सासूबाई तिच्या कानात म्हणाल्या, "राहू दे. भांडं वाजेल."