भोईरकाकांचा हात, तन्वीची पाटी

साइटवरून घरी येऊन बूट झटकले की मूठभर रेती निघतेच. ती कधी शिरली हे आपल्याला कळलेलं नसतं. किस्सेही असेच साठतात. वीस वर्षं ठाण्यात इमारती बांधतेय मी, पण गप्पांना बसलं की डोळ्यांपुढे माणसंच येतात. आज वर्तकनगरच्या साइटवरची दोन माणसं आली आहेत.

तिथे एका जुन्या वसाहतीच्या जागी आमचा टॉवर चाललेला. मी साइट इंजिनिअर. सुपरवायझर भोईरकाका, डोंबिवलीच्या खाडीकडचे. वडील मिठागरात राबलेले. आता जमिनींना भाव आलेला, त्यामुळे काका मुलाच्या भल्यामोठ्या गाडीतून उतरायचे आणि डिकीतून थापी काढायचे. मी एकदा विचारलं, "काका, आता काय गरज तुम्हाला?" तर म्हणाले, "घरान बसून भिंतीच बघायच्या, त मंग हितं बघतो."

आणि तन्वी. कल्याणची, नुकतीच इंजिनिअर झालेली. तिच्या टॅबमध्ये एक एआय होतं. कामाचा फोटो दाखवला की काय चुकलंय ते सांगायचं. काका त्या टॅबला पाटी म्हणायचे.

*

पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. एका कॉलमच्या सळ्या बांधून झालेल्या. काकांनी मोजल्या, सोळा. पाटी म्हणाली, पंधरा.

"तिला मागची सळी दिसत नसंल," काका शांतपणे म्हणाले.

काँक्रीटची गाडी गेटवर येऊन उभी. ड्रायव्हर हॉर्न देतोय. सोडून दिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. काका मात्र परत कॉलमपाशी गेले आणि एकेका सळीला हात लावत मोजायला लागले. पंधराच निघाल्या.

त्यांनी गाडी थांबवली, सळी लावून घेतली, आणि मग तन्वीकडे न बघता टॅबच्या काचेकडे बघून म्हणाले, "बरोबर हाय गो तुजा."

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी ही हकिकत त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगितली.

*

मग तन्वीला वाटलं, पाटीला फरशा ऐकायला शिकवू. फरशीखाली पोकळी राहिली की ठोकल्यावर वेगळा आवाज येतो. काकांचा कान त्यात तयार. आठ दिवस काका फरशा ठोकत फिरले आणि तन्वी मागून रेकॉर्डिंग करत गेली. दुपारी रिकाम्या मजल्यांवर नुसतं टक, टक. कुणीतरी दूरवर सुपारीवर अडकित्ता चालवतंय असं वाटायचं.

पाटी शिकली. काका ठोकायचे, ती सांगायची; एकही पोकळ फरशी चुकेना. तन्वी दोन दिवस हवेत.

तिसऱ्या दिवशी मी तिथेच उभी राहून मोठ्या साहेबांशी फोनवर बोलत होते. साहेब सांगतायत, मी म्हणतेय, "हं... हं... हं..." तन्वीने माझ्यापुढे टॅब धरला. स्क्रीनवर ओळीने आलेलं: पोकळ. पोकळ. पोकळ.

आठ दिवसांचं रेकॉर्डिंग परत ऐकलं तेव्हा उलगडा झाला. पोकळ फरशी लागली की काका "हं" म्हणायचे. पाटी फरशी ऐकतच नव्हती, काकांना ऐकत होती.

काका म्हणाले, "मंग हुशार हाय की ती."

*

त्यानंतर तन्वीने टॅब बाजूला ठेवून रोज सकाळचा एक तास काकांना दिला. विषय प्लॅस्टर. काका डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवायचे आणि मध्येच थांबायचे. तिथे फुगवटा असायचाच.

"काय लागतं गो?"

"गार लागतं, काका."

"गार त सगल्यांनाच लागतं."

महिनाभर तिला नुसतं गारच लागलं. खिडक्यांना अजून काचा नव्हत्या. येऊरच्या डोंगराकडून वारा यायचा, उन्हाचे चौकोन हळूहळू जमिनीवरून सरकायचे, आणि ही दोघं डोळे मिटून भिंतीला हात लावून उभी. मी जिन्यातून बघायचे आणि तशीच खाली जायचे.

*

मार्चमध्ये बाराव्या मजल्यावरची एक खोली तपासायची होती. टॅबवर हिरवी खूण आली. काकांनी हात फिरवला, "चांगली हाय." मागून तन्वीचा हात फिरत आला आणि एका जागी थांबला.

तिने तीच जागा पुन्हा चाचपली. पाटी बरोबर म्हणतेय, काकाही बरोबर म्हणतायत, मग आपण कोण? शेवटी हळूच म्हणाली, "काका, इथे परत एकदा?"

काकांनी तिथेच हात फिरवला. "नाय काय."

तन्वीने ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आणून भिंतीला टेकवली. पट्टीखालून उजेडाची बारीक रेघ दिसली; भिंत तिथे सपाट नव्हती. काका त्या रेघेकडे खूप वेळ बघत राहिले. मग स्वतःच्या बोटांकडे.

"साखरंच्या बिमारीनी बोटं झोपलीत," ते म्हणाले. "दिवालीपासून, हलूहलू. कोनाला बोललो नाय."

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. मग पंधरा दिवस नाहीत. तन्वीने रोज एकटीने भिंती तपासल्या. पाटीचं मत ती घ्यायची, पण हात फिरवून झाल्यावर.

*

एका सकाळी काका आले. हातात थापी नव्हती. लिफ्टने थेट वरच्या मजल्यावर गेले. तिथल्या हॉलचं प्लॅस्टर नुकतंच वाळलेलं. तन्वी तिथेच होती. मी दारात.

काकांनी भिंतीपाशी जाऊन डोळे मिटले. हात पाठीमागे बांधलेले.

"लाव हात," ते म्हणाले. "सांग."

तन्वीने तळवा टेकवला आणि चालायला लागली. काका डोळे मिटूनच तिच्या आवाजामागे चालले.

"इथे गुळगुळीत आहे. अजून गुळगुळीत... इथे रेतीचा एक कण आहे, काका. थोडी ओल आहे. आता सपाट, सपाट... इथे मिस्त्री क्षणभर थांबला असेल, थापीची कड लागतेय. परत सपाट."

काका मान हलवत होते. भिंत लांब होती. दोघांनीही घाई केली नाही.

"आता खिरकी आली असंल," काका म्हणाले.

"हो काका," तन्वी म्हणाली, "आली."