कडेचे हात

"बाजूला वळ," फोटोग्राफर म्हणाला. मी वळले. त्याचं समाधान झालं नाही. त्यानं सरळ माझी हनुवटी धरली आणि डोकं फिरवलं, मंडईत वांगं फिरवून बघतात तसं. दुसऱ्या हातातल्या रिमोटनं फोटो काढला.

आमच्या संग्रहालयात फिजीच्या फोटोंचं प्रदर्शन लागणार होतं. शंभर वर्षांपूर्वी गोऱ्यांची मोहीम तिथल्या गावांत गेली आणि माणसं दारात उभी करून काचेच्या प्लेटांवर त्यांचे फोटो काढले. त्या प्रदर्शनासाठी दिव्यांची चाचणी चालली होती. आम्ही पाच जणी होतो. बॉस मलाच म्हणाली, "तू ये. तुझा रंग त्यांच्याशी जुळतो." सगळ्या हसल्या. मीही हसले. अजून लाज वाटते त्याची.

नवऱ्याच्या व्हिसावर हॉलंडला आले, चार वर्षं रायस्वाइक गावातल्या घरात बसले, तेव्हा कुठे ही नोकरी मिळाली. घालवायची नव्हती.

दुपारी बॉसकडून फोटो मेलवर आला. छान आलीयेस, प्रदर्शनात लावू, म्हणे. त्यात त्याचा हात नव्हता. कापलेला. मीच हौसेनं मान वळवून उभी राहिल्यासारखी दिसत होते. इथेच मला संशय आला.

कारण माझं कामही तेच. प्लेटा स्कॅन करायच्या, कडेचं नको ते कापायचं, माणूस तेवढा ठेवायचा. आठ महिने कापत होते, मान खाली घालून. मूळ स्कॅन परत उघडले. एका म्हाताऱ्याच्या कानाशी पांढरी बाही. एका बाईचं डोकं धरलेला पंजा. फिजीत दुसऱ्याच्या डोक्याला हात लावणं म्हणजे मोठा अपमान. मोहिमेच्या वहीतच तसं लिहिलंय. माहीत होतं मेल्यांना, तरी धरलं. आणि तो पुरावा पुसला कुणी? मी.

सगळे फोटो मी पुन्हा पूर्ण केले. दोन दिवसांनी बॉसनं कॉफीला बोलावलं. गोड बोलली. हातांमुळे बघणारे अवघडतात म्हणाली. मग माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय, हेही तिला सहज आठवलं. सहज कसलं डोंबलाचं.

"अवघडू देत," मी म्हणाले. "कडा मी कापणार नाही. आणि माझा फोटो एकतर हातासकट ठेवा, नाहीतर काढून टाका."

विचार कर, म्हणाली. झालाय माझा विचार. नोकरी जाईल, जाऊ दे. डोकं धरणारा हात यापुढे माझ्या हातून पुसला जाणार नाही.