कार्डावरची बायको

आमच्या शेजारच्या कंडक्टरला आम्ही 'दुखणाईत' म्हणायचो. तशी प्रकृती ठणठणीत, पण दर मंगळवारी तो आजारी पडायचा. वेळ ठरलेली, दहा ते एक.

त्याचं असं झालं. मेडिकल कॉलेजात एक नव्या मॅडम आल्या. तोवर तिथे सर तासभर बोलायचे आणि पोरं डोळे उघडे ठेवून झोपायची. ती विद्या आम्हीही गावच्या शाळेत मिळवली होती. मॅडम म्हणाल्या, "दवाखान्यात येणारा माणूस पुस्तकातला रोग घेऊन येत नाही, चक्कर घेऊन येतो, खोकला घेऊन येतो. आधी त्याच्याशी बोलायला शिका." मग त्यांनी साधीसुधी माणसं खोटे पेशंट म्हणून बसवली. प्रत्येकाला एक कार्ड. त्यावर दुखणं, घरदार, खाणंपिणं सगळं लिहिलेलं. नियम एकच, विचारलं तेवढंच सांगायचं.

त्यात आमचा निवृत्त कंडक्टरही होता, त्याला हे छान जमलं. तीस वर्षं 'पुढे सरका'पलीकडे बोलला नव्हता. बायको जाऊन तीन वर्षं झाली होती, लेक लांब. मला म्हणायचा, "अरे, एकेका सकाळी वीस जण विचारतात, काका, काय होतंय? आठवडाभर पुरतं."

त्याचं कार्ड असं होतं: मान वळवली की चक्कर येते, कानात दोष, जेवण वेळेवर, घरी बायको.

परीक्षेच्या दिवशी एक मुलगी आली. वर्गात तिला 'गोगलगाय' म्हणत. बाकीचे धडाधड विचारून मोकळे झाले होते. ही बसली, खुर्ची जवळ ओढली आणि म्हणाली, "काका, स्वयंपाक कोण करतं?"

कार्डाप्रमाणे उत्तर 'बायको'. हा म्हणाला, "मीच. सकाळी एकदा भात लावतो."

"संध्याकाळी?"

"एकट्यासाठी कोण चूल पेटवतं."

"आणि गोळ्या?"

"रक्तदाबाची आहे ना. रात्री, उपाशीपोटीच."

मुलीने कानाकडे बघितलंसुद्धा नाही. बसवून आणि उभं करून दोनदा रक्तदाब मोजला, उभं राहिल्यावर तो उतरला, आणि लिहिलं: एकटे राहतात, एकवेळ जेवतात, गोळीने चक्कर येते. कार्डाशी काहीच जुळेना, म्हणून परीक्षकांनी शून्य दिलं. मागे एकदा नापास झालेली पोर ती, आता वर्ष जाणार.

कंडक्टर घरी येऊन माझ्या ओट्यावर बसला. "बोललो तर मंगळवार जातो," म्हणाला.

"आणि नाही बोललास तर?"

"तर तिचं वर्ष जातं." चपलेचा अंगठा ओढून नीट केला. "विचारलंच असं तिनं, की खोटं बोलवेना."

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याबरोबर गेलो. मॅडमसमोर उभा राहून तो म्हणाला, "चूक माझी आहे. कार्डावर बायको जिवंत होती. मी विसरलो."

मॅडमनी पेपर पुन्हा वाचला. मुलगी पास झाली. पण ज्याचं दुखणं खरं निघतं, त्याला खोटा पेशंट म्हणून बसवता येत नाही, हेही त्यांनी हळूच सांगितलं. त्याच्या जागी एक निवृत्त शिंपी आला. "आणि काका, तुम्ही आधी दवाखान्यात जा," मॅडम म्हणाल्या.

म्हणून मंगळवारी आम्ही वस्तीतल्या दवाखान्यात रांगेत उभे राहिलो. केसपेपर लिहिणाऱ्या बाईंनी विचारलं, "काय होतंय?"

"मान वळवली की..." तो सुरू झाला आणि थांबला. आता कार्ड नव्हतं. "चक्कर येते," एवढंच म्हणाला.

"सोबत कोण आलंय?"

"कुणी नाही."

मी शेजारीच उभा होतो, त्याची पिशवी धरून. म्हटलं, "बाई, मी आलोय."

"तुम्ही कोण यांचे?"

"शेजारी."

"इथे नातं लिहायचं असतं, आजोबा," बाई म्हणाल्या. त्यांनी तो रकाना मोकळा ठेवला आणि पुढच्याला हाक मारली.