आत्याचे हात थांबले तर

माझी आत्या चष्मे दुरुस्त करते आणि कवितांचं मासिक चालवते, दोन्ही एकाच टेबलावर. मासिक कागदावर निघत नाही. दुकानातल्या ज्या कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांचे नंबर नोंदवतो, त्याच्यावरच ते दर महिन्याला तयार होतं आणि इंटरनेटवर जातं. संपादक तिघं : आत्या, मी आणि मागच्या खोलीत भिंगं घासणारे काका. काकांना कवितेत काडीचा रस नाही, आणि नेमकं म्हणूनच त्यांना घेतलंय.

दुपारी दुकान दोन तास बंद असतं. काचेच्या दारातून ऊन आत येतं, मांडणीतल्या भिंगांमधून जातं आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे लहानमोठे ठिपके पडतात. ते सरकतात, पण सरकताना मला कधी दिसलेले नाहीत. बाहेरचा रस्ता फार लांब गेल्यासारखा वाटतो, आरशात रिकाम्या फ्रेमी एकमेकींकडे बघत बसतात. अशा वेळी मी आलेल्या कविता नावं झाकून मोठ्यानं वाचते. आत्या ऐकता ऐकता चष्म्यांचे स्क्रू पिळत असते. तिचे हात थांबले तर कविता पुढे जाते, चालत राहिले तर नाही. लोक ईमेलवर विचारतात, तुम्ही कवितेत नेमकं काय शोधता? आता त्यांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं!

हात मुद्दाम थांबवायचे नाहीत, हा तिचाच नियम. कवितेत ‘अथांग’ आला की ती मान वर न करता म्हणते, “बुडाला आणखी एक.” आणि पिळत राहते.

पुढे गेलेली कविता दुसऱ्या दिवशी काका वाचतात. ते प्रेमकविताही भिंगाचा नंबर वाचावा तशी वाचतात, उणे दोन, उणे सव्वादोन. माझ्या आवाजाला आत्या फसू शकते. काकांच्या आवाजाला आजवर कुणी फसलेलं नाही. तरीही हात थांबले, तरच छापायची.

गेल्या वर्षी माझे बाबा गेले. ते आत्याचे धाकटे भाऊ, दुकान दोघांनी मिळून उभं केलेलं. त्यांचा चष्मा अजून आत्याच्या खणात आहे. मी त्यांच्यावर एक कविता लिहिली आणि कुणाला न सांगता इतरांच्यात सरकवून दिली. बाबा आमच्या मासिकात असावेत असं मला वाटत होतं. शिवाय आपल्याला कविता येते की नाही, तेही एकदाचं कळावं. खरं सांगायचं तर दुसरं कारणच मोठं होतं.

माझ्या कवितेची पाळी आली तेव्हा मी उगाच घसा खाकरला. दुसऱ्याच ओळीला आवाज कापायला लागला. आत्याचे हात थांबले ते शेवटपर्यंत हललेच नाहीत. “जाऊ दे पुढे,” ती म्हणाली. त्या संध्याकाळी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. दोन वळणं चुकले, आणि त्याचंही मला हसू आलं.

दुसऱ्या दुपारी काकांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला आणि सुरुवात केली. कवितेत आभाळ आलं, आत्याचे हात चालू. रिकामी खुर्ची आली, हात चालूच. माझा जीव टांगणीला लागला. मग त्याच सपाट आवाजात काका म्हणाले,

त्यांचा चष्मा लावला की मला सगळं पुसट दिसतं.
त्यांना त्यातून मी दिसायचे.

हात थांबले. काका पुढे वाचत गेले, आणि जरा वेळानं हात पुन्हा सुरू झाले.

“नाही जमलेली,” आत्या म्हणाली.

मला असा राग आला की रडूच फुटेल असं वाटलं. “पण काल तर तू थांबली होतीस!”

“काल मला तुझ्या आवाजानं थांबवलं होतं.”

नकाराची पत्रं ती सांगते आणि मी टाइप करते. माझं पत्रही मलाच टाइप करावं लागलं.

“लिही,” आत्या म्हणाली. “आपली कविता घेता येत नाही. आभाळ आणि रिकामी खुर्ची सगळ्यांकडेच असते. पण चष्म्याच्या दोन ओळींपाशी आम्ही थांबलो. तेवढ्याच पाठवा.”

मी टाइप केलं. पडद्यावर काय उमटतंय ते मला नीट दिसत नव्हतं. “पत्ता कुणाचा घालू?” मी विचारलं.

“मला काय माहीत? नावं झाकलेली असतात ना.”

मग तिनं खण उघडला, बाबांचा चष्मा काढला आणि एक काडी हलवून बघितली. “ढिली झालीये,” ती म्हणाली. तिनं स्क्रू घट्ट केला, दोन्ही काचा सावकाश पुसल्या आणि चष्मा माझ्यासमोर ठेवला.

“त्या मुलीला म्हणावं, उद्याच पाठव,” आत्या म्हणाली. “मला त्या ओळी पुन्हा ऐकायच्यात.”